परदेशी निघालेल्या मुलांसाठी इथे लाखोंची फी कशाला?

संपादक महोदय,

हल्ली फोंड्यात, म्हापशात, सगळीकडेच बघते, नवरा आपला गोव्याचा आणि बायको पोर्तुगीज किंवा जर्मन, नाहीतर उलटं, मुलं इथेच वाढलेली, आणि वर्षा-दोन वर्षांत तिकडे जायचं ठरलं की पहिलं काम काय तर मुलांना चांगल्या चाललेल्या शाळेतून काढून इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालायचं. फी लाखांत. तिकडे गेल्यावर सोपं जातं म्हणे! माझ्या भाच्याच्या घरी सध्या हाच घोळ चाललाय, सून पोर्तुगालातल्या पोर्तो शहराची, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि एजंटापासून शेजाऱ्यापर्यंत जो तो सल्ला देतोय, म्हणून म्हटलं लिहावंच.

पोर्तुगालात बारावीपर्यंत किंवा अठरा वर्षांचं होईपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे आणि सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकंसुद्धा फुकट मिळतात. शिकवतात अर्थातच पोर्तुगीजमध्ये. मग इथे इंटरनॅशनल स्कूलात केंब्रिजचा, म्हणजे इंग्लंडच्या बोर्डाचा, इंग्रजी सिलॅबस करून तिकडच्या सरकारी शाळेत काय उपयोग? तिकडेही प्रायव्हेट ब्रिटिश शाळेतच घालणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तिथली फी वर्षाला हजारो युरो, आणि दोन मुलांची ती बारावीपर्यंत भरायची हे आधीच कागदावर मांडून बघा.

खरी अडचण भाषेची आहे. आई पोर्तुगीज बोलते म्हणून मुलांना येतं असं सगळे धरून चालतात. पण आमच्याकडे सून पोर्तुगीजमध्ये विचारते आणि मुलं इंग्रजीत नाहीतर कोंकणीत उत्तर देतात. कळणं वेगळं आणि त्या भाषेत इतिहासाचा पेपर लिहिणं वेगळं. सहा वर्षांच्या मुलाची मला काळजी नाही, तो खेळता खेळता शिकेल. मुलगी मात्र तिकडे साधारण आठवीत बसणार आणि पुढच्याच वर्षी नववीची राष्ट्रीय परीक्षा, पोर्तुगीज आणि गणित. परक्या भाषेतून येणाऱ्या मुलांना तिथल्या शाळेत पोर्तुगीज वेगळी शिकवायची सोय आहे, पण कोरी पाटी घेऊन जाण्यापेक्षा इथूनच थोडं करून गेलेलं बरं नाही का? पणजीत पोर्तुगीजचे क्लास आहेत, काही हायस्कूलांत तिसरी भाषा म्हणून ती आहे, विद्यापीठात तर विभागच आहे, तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीची ट्यूशन लावली तरी त्या लाखांच्या मानाने किरकोळ खर्च. आणि आपल्याकडे 2025 मध्ये सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलात सुरू केलं, तिकडे शाळा सप्टेंबरात उघडते, म्हणजे इथलं वर्ष पुरं करून निघालं तर मधले महिने नुसते भाषेला देता येतात.

इंग्लंडला जाणाऱ्यांचं वेगळं. पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून इंग्लंडातल्या स्विंडनला, जिथे बरेच गोंयकार आहेत, जाऊन राहू असं अजून बोलणारे भेटतात, अहो ब्रेक्झिट झालं, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, 2021 पासून तिथे नव्याने राहायला जाणाऱ्याला व्हिसा लागतो. शाळा तिथेही सरकारी म्हणजे फुकट, आणि वर्ग ठरतो वयावर, इथल्या मार्कांवर नाही. सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, असते, तिचा अभ्यास दोन वर्षं आधी सुरू होतो, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला मध्येच नेऊन बसवणं म्हणजे त्याचे हाल. प्रायव्हेट शाळांच्या फीवर तर जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट नावाचा कर लागलाय.

दुबईवाल्यांना हे सगळं लागू नाही. तिथे आपली मुलं बहुतेक प्रायव्हेट शाळेतच जातात, सीबीएसईच्याही आहेत. फी कंपनी देणार का हे सही करण्याआधी विचारा, झालं.

पासपोर्टबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलांनी उद्या तिकडचा पासपोर्ट घेतला की इथलं नागरिकत्व जातं, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) झालं आणि डॉक्टर व्हायला इकडे परत यावंसं वाटलं तर 4 मार्च 2021 च्या केंद्राच्या नोटिफिकेशनप्रमाणे त्यांना एनआरआयच्या रांगेत धरतात, फक्त भारतीय नागरिकांसाठी ठेवलेल्या सीटवर अ‍ॅडमिशन नाही. एनआरआय सीटची फी किती असते ते आजोबांना विचारा, कारण शेवटी भरायची वेळ त्यांच्यावरच येते! म्हणून आत्ता शाळेवर उधळण्यापेक्षा ते पैसे कॉलेजसाठी बाजूला टाका. तिकडे पैसे पाठवायचे तर वर्षाला 10 लाखांच्या वर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो आयकर रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर हातातली रक्कम अडकते.

 गोव्याच्या शिक्षण खात्याला आणि एनआरआय विभागाला माझी एकच विनंती, परदेशी निघालेल्या कुटुंबांसाठी मराठी-कोंकणीत साधं एक माहितीपत्रक काढा. टीसी, मार्कशीट आणि जन्मदाखल्याचा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) कुठे, कसा आणि किती रुपयांत होतो एवढं जरी त्यात छापलं तरी लोक एजंटाच्या दारात उभे राहणार नाहीत.

आपली,
एक वाचक, फोंडा