कॉन्व्हेंटच्या प्रवेशाआधी डोळे तपासा

संपादक महोदय,

माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, हे आम्हाला गेल्या महिन्यात कळलं, तेही खेळता खेळता. उजव्या डोळ्यावर हात ठेवून तो म्हणाला, ‘आजी, या डोळ्यानं तर तुझं तोंडच दिसत नाही!’ डॉक्टरांनी तपासलं. डोळा निरोगी आहे म्हणाले. पण लहानपणापासून त्याचा नंबर जास्त होता, तो कोणी पाहिलाच नाही, म्हणून मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकला नाही. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. चष्मा लावूनही पोराला तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचता आल्या.

डोळा चांगला आणि दिसत नाही, हे मला पटेना. मग वाचलं. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला होता. उघडल्यावर डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या बहुतेक पेशी दुसऱ्याच डोळ्याला जोडल्या गेल्या होत्या. नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको: प्लॉट रिकामा दिसला की शेजारी कुंपण सरकवतोच. मोठ्या मांजरांचा डोळा तसाच बंद ठेवला, तर काही बिघडलं नाही. म्हणजे ही जोडणी कोवळ्या वयातच होते. या कामासाठी दोघांना 1981 साली नोबेल मिळालं.

माणसाच्या मुलात ही मुदत काही वर्षांची असते. सातच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो. पुढेही येतो, पण कमी आणि हळू. आमचा पोट्टा आता रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बसतो आणि घरभर चिडचिड करतो.

अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते, निदान कागदावर तरी. आमचा नातू गेला कॉन्व्हेंटात. (आपल्याकडे खासगी बालवाडीला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असो वा नसो.) तिथे जन्मदाखला मागितला, आधार मागितलं, लसीकरणाचं कार्ड मागितलं, टायची फीसुद्धा घेतली. डोळ्यांचं कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही, कारण तो टीव्ही नीट बघायचा, धडपडत नव्हता. एक डोळा दोघांचं काम करत होता.

माझी मागणी छोटी आहे. शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्या कॉन्व्हेंटांच्या प्रवेश अर्जात दोन्ही डोळे वेगवेगळे तपासल्याचा एक रकाना शिक्षण विभागाने सक्तीचा करावा. तोवर आईबापांनी घरीच मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून बघावा. एका बाजूचा झाकू देतो आणि दुसऱ्या बाजूचा झाकला की हात ढकलतो, असं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावं.

— एक आजी, मानेवाडा, नागपूर