पाखरांना दाणे नकोत, मेर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० मार्चच्या चिमणी दिनाला शाळांमधून लाकडी घरटी आणि पाण्याची मातीची भांडी वाटल्याच्या बातम्या दरवर्षी आपल्या अंकात येतात, यंदाही आल्या. मुलांच्या हौसेला नावे ठेवायची नाहीत. माझ्या नातीनेही असे एक घरटे आणून पडवीत टांगले आहे आणि त्याखाली ती रोज ताटलीत मूठभर तांदूळ ठेवते. ते तांदूळ आमच्या कोंबड्या खातात.

मुद्दा वेगळाच आहे. चिमणी दाणे खाते हे खरे, पण तिची पिल्ले दाण्यांवर वाढत नाहीत. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस त्यांना मऊ अळ्या, नाकतोडे, कोळी असलेच खाद्य लागते. सुगरणीचेही तेच. एरवी गवताचे बी आणि भात टिपणारे हे पाखरू पिल्ले झाली की दिवसभर किडे वेचत असते. मनोली या चिमणीएवढ्या पाखराची तऱ्हा थोडी निराळी, ती दुधात आलेले कोवळे बी पिल्लांना भरवते. पण तेही गवताचेच. म्हणजे शेताच्या मेरेवर, अर्थात बांधावर, गवत नसेल आणि गवतात किडा नसेल, तर अंगणात पोतेभर तांदूळ ओतूनही उपयोग नाही.

मी गोव्यातल्या चोडणचा. रायबंदरहून फेरीबोटीने आमच्या बेटावर उतरले की जवळच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य लागते, सुमारे १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचे रान. बाहेरून येणारे लोक तेवढेच बघून माघारी फिरतात. गंमत अशी की, ज्यांचे नाव या अभयारण्याला आहे त्या सालिम अलींनी १९३०च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला बसून ज्या पाखराचा बारकाईने अभ्यास केला ते पाखरू सुगरण. एकच नर एकापाठोपाठ एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी तिथे टिपून ठेवले. ती सुगरण खारफुटीत राहत नाही. ती आमच्या खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतल्या, भातशेतीच्या आधाराने राहते आणि तिथे तिला कसलेही संरक्षण नाही.

आमच्या मानशीजवळ, म्हणजे खाजनातले पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळ, तीन-चार माड खाजनावर झुकलेले आहेत. लहानपणी पावसाळ्यात त्यांच्या झावळांना सुगरणीची घरटी दुधीभोपळ्यासारखी लोंबायची. पाते कसे काढतात ते मी मेरेवर बसून पाहिले आहे. नर उंच गवताच्या पात्याला बुडाशी चोचीने खाच पाडतो, ती कड चोचीत धरतो आणि सरळ वर उडतो. सर्रकन लांब धागा निघतो. भाताच्या पात्याचेही तो असेच धागे काढतो. घरटे अर्धे झाले की आत ओल्या चिखलाचे गोळे थापतो आणि मादी बघायला आली की खाली लोंबकळून पंख फडफडवतो. पसंत पडले नाही तर ते शिरस्त्राणासारखे अर्धे घरटे तसेच सोडून दुसरे सुरू.

हे सगळे मोडण्यात माझाही हात आहे. चार वर्षांपूर्वी मेरा साफ करायला माणूस मिळेना. पूर्वी बायका विळा घेऊन यायच्या आणि कापलेले गवत गुरांसाठी घेऊन जायच्या. आता गुरेच नाहीत, मग गवत कोणाला हवे? मी तणनाशक आणले आणि एका सकाळी सगळ्या मेरा मारून काढल्या. आठ दिवसांत त्या तांबूस झाल्या, मला बरेच वाटले. त्या पावसात सुगरणी आल्या, घरटी अर्धी झाली आणि अर्धीच राहिली. पुढच्या वर्षी त्या माडांवर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी घरटी होती. फक्त माझ्या फवाऱ्याने हे झाले असे मी म्हणत नाही, शेजारीही तेच करत होते. पण त्या वर्षी मेरेवरून चालताना पायाखालून एकही नाकतोडा उडाला नाही, हे मला आजही आठवते.

युरोपातल्या २८ देशांतील १७० जातींच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. १९८० ते २०१६ या काळात शेतीवर जगणारे पक्षी तिथे सुमारे ५७ टक्क्यांनी घटले आणि त्याचे मुख्य कारण ठरले कीटकनाशके व रासायनिक खतांच्या जोरावरची शेती. किडे खाणाऱ्यांना सर्वाधिक फटका बसला. इंग्लंडमध्ये करड्या तितराची पिल्ले का मरतात याचा शोध घेताना असेच निघाले होते: तण गेले, तणावरचे किडे गेले, पिल्ले उपाशी. त्यावर तिथे शेताच्या कडेचा काही मीटरांचा पट्टा फवाऱ्यातून वगळण्याची पद्धत १९८०च्या दशकात निघाली. आपल्याकडे असा पट्टा नव्याने आखायची गरज नाही. आपली मेर आहेच, ती मारायची नाही एवढेच.

आपल्या देशातही २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींना तातडीच्या संरक्षणाची गरज असल्याचे सांगितले गेले. हिवाळ्यात विजेच्या तारेवर बसून शेतातले नाकतोडे टिपणारा आपला नीलकंठही घटल्याचे त्यात आहे. फळे आणि मध खाणाऱ्यांचे त्या मानाने बरे चालले आहे. बागा वाढल्या, शेते आटली, त्याचेच हे चित्र असावे असे मला वाटते.

आता शेतकरी बांधव म्हणतील, या आजोबांना पाखरांचा पुळका आलाय, आमचे भात खातात त्याचे काय? खातात. भात दुधात आले की मनोल्यांचा थवा कणसावर बसतो तेव्हा माझ्याही तोंडून शिवी निघते. शिवाय कणसांतला रस शोषणारा गंधी ढेकूण गवतातूनच भातात येतो, हेही खरे. म्हणून मेर वाढू द्या असे मी म्हणत नाही. ती विळ्याने कापा, एक आड एक कापा आणि भात पोटरीत येण्याआधी, म्हणजे कणीस आत धरण्याआधी, कापा. कापलेल्या मेरेला पंधरा दिवसांत पुन्हा फूट येते, औषधाने मारलेली मेर उघडी पडते आणि पावसात खचते. खाजनात बांध खचला की काय होते ते आम्हाला कोणी शिकवायला नको. थव्यासाठी चमकत्या पट्ट्या बांधा, डबे वाजवा. नायलॉनची जाळी मात्र नको. गेल्या वर्षी तसल्या जाळीत अडकलेले गव्हाणी घुबड मी कात्रीने सोडवले. पंख तुटला होता, वाचले नाही. रात्रभर उंदीर मारणारे पाखरू उंदरांच्याच शेतात मेले.

पड शेतांचेही बोलले पाहिजे. बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या खाजनात खारफुटी उगवते, दुरून हिरवेगार दिसते आणि एकदा वाढली की कायद्याने तिला हात लावता येत नाही. बगळ्यांची सोय होते, पण सुगरण आणि मनोली तिथून उठतात. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा गोव्यात २०२३ साली झाला, चांगलेच झाले. पण न विकलेली आणि न कसलेली जमीनही पाखरांच्या कामाची राहत नाही.

तेव्हा सरकारकडे माझे एकच मागणे आहे. भाताला आधारभूत किंमत मिळते, त्याच कृषी कार्डावर मेर विळ्याने कापणाऱ्याला मजुरीचा थोडा भार उचलून द्यावा. तणनाशकाची बाटली दुकानात सहज मिळते, विळा धरणारा माणूस मिळत नाही, गाडे तिथेच अडले आहे. आणि शाळांनी पुढच्या चिमणी दिनाला घरटी वाटण्याऐवजी मुलांना ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी शेताच्या मेरेवरून चालवत न्यावे. पाय ओले होतील तेवढेच.

गेली दोन वर्षे मी मेरेवर फवारलेले नाही. मानशीजवळच्या माडांवर गेल्या पावसात अकरा घरटी होती, त्यातली चार अर्धवट. यंदा किती होतात ते गणेशचतुर्थीनंतर कळवीन.

आपला,
एक शेतकरी वाचक, चोडण-तिसवाडी