बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, जरा उशिरानं

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारलं होतं, "देवाची सेवा करायला ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात तीन वर्षं शिकायचं म्हणजे नक्की शिकायचं तरी काय गं?" मी "पुष्कळ असतं बाबा" म्हणून वेळ मारून नेली. वर्गाची घंटा झाली होती हे खरं, पण उत्तर तयार नव्हतं हेही तितकंच खरं. तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही. आज शनिवार आहे आणि उद्याच्या उपासनेत माझ्याकडे काही नाही, म्हणून निवांत लिहायला बसले. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, तेव्हा आई, तू त्यांना वाचून दाखव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका बैठकीत संपलं नाही तर उद्या वाचा.

दिनक्रम तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे उठून शांतसमय, मग सगळ्यांची एकत्र प्रार्थना, दुपारपर्यंत वर्ग, त्यानंतर वाट्याला आलेलं काम. या महिन्यात माझ्याकडे ग्रंथालयाची झाडलोट आहे. संध्याकाळी अभ्यास, शनिवार-रविवार नेमून दिलेल्या मंडळीत सेवा. यात काळजी करण्यासारखं काही नाही. झोप पुरते, तब्येत बरी आहे.

आता शिकण्याबद्दल. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं भाषांमध्ये गेलं. ग्रीकची चोवीस अक्षरं, हिब्रूची बावीस, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. लहानपणी मूळाक्षरं गिरवली तशीच पुन्हा गिरवली. आई, तुला एकशे एकोणिसावं स्तोत्र इतकं आवडतं, त्याची एक गंमत मला इथे आल्यावर कळली. हिब्रूत त्याची बावीस कडवी आहेत, एकेका अक्षराचं एक. प्रत्येक कडव्यात आठ ओळी, आणि त्या आठही ओळी त्याच एका अक्षरानं सुरू होतात. म्हणून ती १७६ वचनं. ज्यानं कुणी ते रचलं त्यानं देवाच्या वचनावरचं प्रेम पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मांडून ठेवलंय. भाषांतरात हे दिसूच शकत नाही. ज्या दिवशी ते पान मी स्वतः वाचलं आणि ओळीमागून ओळ 'आलेफ' या पहिल्या अक्षरानं सुरू होताना दिसली, त्या दिवशी तुझी फार आठवण आली. तू ते स्तोत्र म्हणताना बोटानं ओळी मोजायचीस, तेच डोळ्यांपुढे आलं.

कंटाळा आला की मी पंडिता रमाबाईंचा विचार करते. आश्रमाचा एवढा मोठा पसारा सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र त्यांनी मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, आणि अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत ते काम त्यांच्या हाताखाली होतं. माझ्यावर तर अजून कसलाच भार नाही.

बाबा, मी इथे यायला निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "फार शिकलीस तर साधा विश्वास हरवून बसशील." ती भीती खोटी नव्हती. पहिल्या वर्षी जुन्या हस्तलिखितांचा विषय सुरू झाला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली नवव्या वचनापासूनची बारा वचनं सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, हे सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. आपल्याही शास्त्रात तिथे कंस किंवा टीप असते, पण आपण ती कधी वाचत नाही. त्या रात्री मी झोपले नाही. ही वचनं नंतरची असतील तर मग कशावर हात ठेवायचा, असं झालं. कुणाशी बोलायचीही भीती वाटली.

शेवटी मी सरांकडेच गेले. त्यांनी मला ग्रंथालयात नेलं आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या जुन्या गुंडाळीची छायाचित्रं पुढ्यात ठेवली. ही गुंडाळी मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ साली सापडली. तोवर हिब्रू शास्त्राच्या ज्या पूर्ण प्रती हाती होत्या, त्यांच्यापेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. सर म्हणाले, "आता तूच जुळवून बघ." मी चार दिवस एक अध्याय घेऊन बसले. शब्दांच्या लिखाणात फरक आहेत, कुठे एखादा शब्द कमीजास्त आहे, पण यशया तोच आहे. हजार वर्षं कुणाकुणाच्या हातांनी, अंधुक दिव्याखाली, एकेक अक्षर उतरवलं आणि ते आपल्यापर्यंत पोचलं. माझा विश्वास गेला नाही, बाबा. पण तो पूर्वीसारखा राहिला असंही म्हणणार नाही. पूर्वी मला वाटायचं की प्रश्न विचारला तर सगळं कोसळेल. आता तसं वाटत नाही, आणि मार्काचं शुभवर्तमान मी पूर्वीपेक्षा जास्त जपून वाचते.

उपदेशाच्या वर्गाबद्दल थोडंच सांगते. दहा मिनिटांचा संदेश वर्गासमोर द्यायचा, आणि मग सगळे मिळून तो उलगडतात. माझ्या पहिल्या संदेशात मी तेवीस वचनं घातली होती. संपल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "मागच्या बाकावर दमूनभागून बसलेली एखादी बाई यातलं काय घेऊन घरी जाईल?" मला सांगता आलं नाही. आता मी एक उतारा घेते आणि आठवडाभर तोच वाचत राहते.

ग्रीकनं मला एक शब्द दिला, तो मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाईन गावच्या विधवेचा मुलगा गेला तेव्हा प्रभूला तिचा कळवळा आला. चांगल्या शोमरोन्याला वाटेवर पडलेल्या माणसाचा कळवळा आला. उधळ्या पुत्राला दुरून पाहून बापाला कळवळा आला. लूकाच्या शुभवर्तमानात तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे, 'स्प्लांख्निझोमाइ'. त्याच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थ आतडी. पोटातली आतडी. वर्गात हे सांगितलं तेव्हा इतर भाषांतल्या मुलांना ते विचित्र वाटलं, आणि मी एकटीच मान डोलावत होते. आपण तर रोजच म्हणतो, आतडं तुटतं, आतडं पिळवटतं, आतड्याचं नातं. लूक काय म्हणतोय ते मला आईच्या भाषेतून आधीच माहीत होतं. आणि आई, हिब्रूत दयेसाठी जो शब्द येतो, 'रहमीम', तो गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे. यशयात देव विचारतो की आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का, तिथे त्याच मुळातलं क्रियापद आहे.

हे सगळं वहीत लिहून घेतलं, परीक्षेत चांगले गुणही मिळाले. पण त्या शब्दाचा अर्थ खरा शिकले ते या वर्षी, रुग्णालयात.

दुसऱ्या वर्षी आम्हाला काही आठवडे रुग्णालयात पाळकीय सेवेसाठी पाठवतात. या शिक्षणाची सुरुवात अँटन बॉइझन नावाच्या अमेरिकन पाळकानं केली. तो स्वतः मनाच्या आजारानं रुग्णालयात राहून आला होता. बरा झाल्यावर तशाच एका रुग्णालयात तो पाळक म्हणून लागला, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यानं ईश्वरविज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना तिथे शिकायला बोलावलं. पुस्तकं वाचतो तशी दुःखातली माणसंही वाचायला शिकलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. आजारपणातून गेलेल्या माणसालाच हे सुचू शकलं, असं मला वाटतं.

रुग्णाला भेटून आल्यावर झालेलं सगळं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं असतं. ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, कोण कुठे थांबलं, कुणी नजर वळवली. मग गटात बसून ते मोठ्यानं वाचायचं. रुग्णाचे शब्द दुसरा विद्यार्थी वाचतो, आपले आपण वाचायचे.

मी एका वयस्क गृहस्थांना भेटले होते. नाव, आजार काही सांगत नाही, तो आमचा नियम आहे. त्यांची पत्नी थोड्याच दिवसांपूर्वी गेली होती. ते बोलता बोलता थांबत होते. मी त्यांना वचनं सांगितली, प्रार्थना केली आणि छान भेट झाली असं समजून बाहेर पडले. कागदावरही तसंच लिहून आणलं. मग गटात वाचन सुरू झालं. त्यांचे शब्द वाचणारा मुलगा "(थांबले)" असं आलं की खरंच थांबायचा. चार ठिकाणी तो थांबला, आणि चारही ठिकाणी माझं पुढचं वाक्य तयार होतं. "देव सगळ्यातून भलंच करतो." "त्या आता प्रभूजवळ आहेत." "आपण प्रार्थना करू या." एकदा तर ते "ती रोज सकाळी" एवढंच म्हणाले होते, आणि त्या रोज सकाळी काय करायच्या हे मी ऐकलंच नाही.

बाईंनी विचारलं, "ही वाक्यं त्यांना हवी होती, की तुला?"

मी तिथेच रडले. कुणी मला समजावलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. सगळे नुसते बसून राहिले, आणि तेच बरं वाटलं. नंतर ईयोबाचं पुस्तक पुन्हा उघडलं. त्याचे तिघे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि त्याचं दुःख पाहून कुणी एक अक्षर बोललं नाही. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. मी बोलण्यापासूनच सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांकडे पुन्हा गेले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काल तुम्ही सकाळचं काहीतरी सांगत होता." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ती रोज सकाळी खिडकी उघडायची आणि आज कसा दिवस आहे ते मला सांगायची. एवढंच. मी काही बोलले नाही. निघताना त्यांनीच प्रार्थना करायला सांगितली.

आई, तू मागे विचारलं होतंस की मला उद्या पाळक म्हणून उभं राहू देतील का. काही मंडळ्यांत स्त्रियांना दीक्षा देतात, काही ठिकाणी देत नाहीत. आपल्याकडे काय ठरेल ते मला आज सांगता येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, लपवत नाही. पण खाटेशेजारच्या खुर्चीवर बसायला मला कुणी अडवलेलं नाही, आणि माझं पाचारण तिथेच आहे असं मला दिवसेंदिवस वाटू लागलंय.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा मी परीक्षेमुळे येऊ शकले नाही. फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "तो शेवटी शेवटी सारखा..." आणि तुमचा आवाज थांबला. मी लगेच रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय काढला, देव सगळ्यातून भलंच करतो हे अठ्ठाविसावं वचन म्हणून दाखवलं आणि वर त्याचा अर्थही समजावला. तुमच्या सख्ख्या भावाला जाऊन एक दिवससुद्धा झाला नव्हता. तुम्ही "हो, खरं आहे" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. बाबांना धीर दिला या समाधानात मी त्या रात्री झोपले.

वचन खरंच आहे. पण त्या घडीला मी ते तुमच्यासाठी म्हटलं नव्हतं. तुमचं रडणं मला ऐकवलं नसतं, म्हणून म्हटलं. गटात तो मुलगा चौथ्यांदा थांबला, तेव्हा मला त्या गृहस्थांचा नव्हे, तुमचा आवाज ऐकू आला. बाबा, मला क्षमा करा.

सुट्टी लागली की पहिल्याच गाडीनं येते. यावेळी सोबत पुस्तकं आणणार नाही. तुमच्या उजव्या कानाशी बसते, म्हणजे तुम्हाला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. तुम्हाला वाटलं तरच, आणि वाटेल तेव्हा, मला सांगा. काका शेवटी शेवटी सारखे काय करायचे?

तुमचीच,
धाकटी