चि. सागर, मुक्काम कुवेत

कोल्हापूर

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. खोलीत एसी आहे, सोबत केरळची दोन पोरं आहेत, एवढं तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच विचारलं, भाकरी कोण करतंय. माझा प्रश्न तुला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. बस सुटताना तू खिडकीतून तोंड फिरवलंस ते तुझ्या बायकोनं, स्नेहलनंही पाहिलं. तो विषय मला काढायचा नाही. फक्त एवढं कळव, फुटबॉल शिकवायला तिकडं जाताना शाळेत राजीनामा दिलायस की बिनपगारी रजेचा अर्ज? दोन्हींत लई फरक आहे.

त्या दिवशी रागात तू म्हणालास, "पारेरा पण कुवेतलाच गेला होता." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तू गेल्यावर तुझी कात्रणांची फाईल काढून बसलो. चष्म्याचा नंबर वाढलाय, तरी सगळी वाचली.

तुझं खरं आहे. ब्राझीलला वर्ल्डकप जिंकून देणारा कोच, कार्लोस अल्बेर्तो पारेरा, स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. रिओचा माणूस, १९४३ चा जन्म, शिकला काय तर शारीरिक शिक्षण, म्हणजे आपलं बीपीएडच म्हण. १९६७ साली, पंचविशीही गाठली नव्हती, तेव्हा घानाच्या संघाचा कोच झाला. १९७० च्या वर्ल्डकपला मेक्सिकोत पेलेच्या ब्राझील संघाकडून व्यायाम करून घेणाऱ्यांत तो होता. पुढं त्या संघाचा कोच झागालो, त्याच्याबरोबर कुवेतला आला आणि १९७८ पासून संघ याच्याच हातात. दोन वर्षांत आशिया कप जिंकला, १९८२ ला संघ स्पेनच्या वर्ल्डकपला नेला. त्याआधी कुवेत कधी वर्ल्डकपला गेला नव्हता, नंतरही नाही.

परवा कोपऱ्यावर एक जण तुझ्याबद्दल म्हणालाच, स्वतःचा गुडघा गेलाय, हा दुसऱ्याला काय पळवणार. मी पारेराचं नाव घेतलं. गप्प बसला. (नाव त्याला ठाऊक नव्हतं, पण ब्राझीलचा म्हटल्यावर आपल्या गल्लीत वाद कोण घालणार.)

पण त्याच फाईलीत त्या वर्ल्डकपमधल्या कुवेत-फ्रान्स सामन्याचं कात्रण आहे, ते तू नीट वाचलंस का? फ्रान्स ३-१ नं पुढं. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली, कुवेतची पोरं रेफ्रीची समजून जागच्या जागी थांबली आणि फ्रान्सच्या जिरेसनं गोल केला. तर कुवेतच्या अमीरांचा, म्हणजे तिथल्या राजाचा भाऊ, शेख फहद, प्रेक्षकांतून उठून थेट मैदानात! आणि रेफ्रीनं गोल रद्द केला. शेवटी ४-१ नं हरलेच. तू पोरांना शिकवतोस ना, शिट्टीवर नाही, रेफ्रीवर लक्ष ठेवा, ते यातलंच असणार. मला मात्र दुसरंच दिसलं. निर्णय फिरवायला कोच नाही, मालक उतरला. तुझ्या ॲकॅडमीचाही कुणी मालक असेलच.

१९९४ च्या फायनलला तू चार वर्षांचा होतास. रात्री एकला सामना, तालमीत टीव्ही, आणि सकाळी मला कारखान्यात पहिली पाळी. त्या कपाआधी पारेराला ब्राझीलमध्ये किती शिव्या पडल्या होत्या! म्हणे हा ब्राझीलचा खेळच नाही, नुसता बचाव. ला पाझला बोलिव्हियाकडून २-० हरले, वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत ब्राझील पहिल्यांदाच हरत होता. मग शेवटच्या सामन्याला रोमारिओला परत बोलावलं, त्यानं उरुग्वेला दोन गोल घातले, तेव्हा कुठं अमेरिकेचं तिकीट निघालं. फायनलमध्ये दोन तासांत गोल नाही. तू माझ्या मांडीवर झोपलेला, पायाला मुंग्या आलेल्या. शेवटी पेनल्टी शूटआऊटमध्ये इटलीच्या बाजिओनं चेंडू बारवरून घालवला आणि अख्खी तालीम उठली, मला काही उठता येईना. बाळूकाकानं तुला उचलून खांद्यावर घेतलं तेव्हा तू रडायला लागलास. बाहेर माळ लागली होती. चोवीस वर्षांनी कप आला होता, आणि मी लंगडत घरी आलो. आई अजून त्यावरून चिडवते.

त्याच पारेराला चार वर्षांनी, पुढच्या वर्ल्डकपला, सौदीनं काय केलं? डेन्मार्ककडून एका गोलानं हरले, फ्रान्सकडून चार गोलांनी, आणि स्पर्धा चालू असतानाच काढून टाकलं. तिसऱ्या सामन्यापर्यंतही धीर नाही. कप जिंकलेल्या माणसाची ही गत, तर अकरा महिन्यांच्या करारावर गेलेल्याची काय? पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. करार अरबीत असेल तर कुणाकडून तरी वाचून घे, मगच सही. पगार झाला की आधी घरी पाठव, बूट नंतर. उन्हात पोरांना पळवताना स्वतः टोपी घाल. शिक्षणसेवक म्हणून किती वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढलीस, मग कुठं परमनंटची ऑर्डर निघाली, त्या कागदाची किंमत...

बघ, लागलो सुनवायला. टाइमकीपरची खोड, रिटायर झालो तरी जात नाही. राग मानू नकोस. फोटो पाहिला, गळ्यात शिट्टी, भोवती पोरं. पानवाल्यालाही दाखवला, त्यानं मोठा करून पाहिला.

एक कात्रण मात्र मी परत परत वाचलं. २००८ ला पारेरा दक्षिण आफ्रिकेचा कोच होता, घरच्या वर्ल्डकपला दोन वर्षं राहिलेली. बायको आजारी पडली, तर पद सोडून हा रिओला गेला. पुढच्या वर्षी त्यांनी परत बोलावून घेतलं. २०१० ला फ्रान्सला हरवलं, तरी यजमान पहिल्याच फेरीत बाहेर, तरीपण कोच म्हणून त्याच्या नावावर पाच देश आणि सहा वर्ल्डकपमधला सहभाग लागला. (२०१४ ला ब्राझीलनं सात गोल खाल्ले तेव्हाही तो संघाबरोबर होता, पण तो विषय आपल्या गल्लीत बंद आहे.)

स्नेहलला सातवा लागलाय. डॉक्टरनी बीपी जरा वर आहे म्हटलंय. तुला सांगू नका असं तिनं बजावलंय, तेव्हा मी काही सांगितलेलं नाही. घाबरण्यासारखं नाही. पण फोन आला तर कराराचे महिने मोजत बसू नकोस, सरळ निघ. पारेराला परत घेणारा देश होता, त्याच्यामागं ब्राझीलचं नाव होतं. तुझ्यामागं शाळेतली जागा आहे, ती असली तर. म्हणून विचारतो रे, दुसरं काही नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. संस्थेकडून तुझ्या नावाचं रजिस्टर पत्र आलंय. पोस्टमन ओळखीचा, त्यानं माझ्या सहीवर दिलं. आई म्हणते दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही. फोडून वाचू की तसंच कपाटात ठेवू, आज रात्री फोन करून सांग. उशीर झाला तरी चालेल, मी जागा आहे.