किडनीच्या स्टेंटची एवढी घाई कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या अण्णांचं बीपी तीन गोळ्या खाऊनपण १८० च्या खाली येईना, म्हणून केलेल्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीत) किडनीची रक्तवाहिनी चरबीने अरुंद झालेली निघाली आणि एका हॉस्पिटलात लगेच पॅकेजचा कागदच हातात, जांघेतून तार घालायची, वाहिनी उघडी ठेवायला जाळीचा स्टेंट टाकायचा, दोन दिवसांत घरी. ऐकायला सोप्पंय हो! पण २०१४ साली छापून आलेल्या कोरल ट्रायलमध्ये (स्टेंट आणि नुसती औषधं यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात) ९०० च्या वर असे पेशंट होते, त्यात नुसत्या औषधांपेक्षा स्टेंटचा विशेष फायदा दिसला नाही. फुफ्फुसात वारंवार पाणी होत असेल तर गोष्ट वेगळी. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आता वहीत १४० लिहितोय.

- एक वाचक, सातारा