कोल्ह्याचा कायदा आणि पार्लमेंटचा वेळ

लेस्टर, 2 जानेवारी 2025

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अगं, तुमच्या त्या पार्लमेंटला कोल्ह्यावाचून दुसरं काम नाही का?" मी हसून विषय टाळला, कारण हॉस्पिटलच्या वॉर्डात जायची घाई होती. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज सुट्टी आहे, बाहेर चिकचिक पाऊस आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आईला एवढं वाचायचा कंटाळा येईल. तिला शेवटचा भाग तेवढा वाचून दाखवा.

तुम्ही बातम्यांत पाहिलेत ते लाल कोटातले घोडेस्वार बॉक्सिंग डेचे. 26 डिसेंबर हा त्यांच्या वर्षातला मोठा दिवस. आमचा लेस्टरशायर तर या प्रकाराचं माहेरघरच. क्वॉर्न, कॉट्समोर, बीव्हर हे सगळे नावाजलेले हंट, म्हणजे शिकारमंडळं, याच टापूतले. गावच्या चौकात घोडे येतात, कुत्र्यांचा कळप येतो, स्वारांच्या हातात वाइनचे छोटे पेले फिरतात, पोरंटोरं कुत्र्यांना कुरवाळतात. जरा बाजूला तोंडावर फडकी बांधलेले विरोधक कॅमेरे घेऊन उभे, आणि मधे कंटाळलेले पोलीस.

कुत्री सोडून कोल्ह्याची शिकार करायला इंग्लंड आणि वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून बंदी आहे. मग हे लोक करतात काय? तर 'ट्रेल हंटिंग'. आधी एकजण वासात बुडवलेली चिंधी रानातून ओढत नेतो आणि कुत्री त्या मागावर धावतात. वास पुष्कळदा कोल्ह्याचाच असतो. त्यामुळे वाटेत खराखुरा कोल्हा उठला आणि कुत्र्यांनी त्याला फाडला, तर तो अपघात ठरतो. मुद्दाम केलं हे कोर्टात सिद्ध करणं महाकठीण. गेल्या जुलैत निवडून आलेल्या लेबर पक्षाच्या जाहीरनाम्यात हे ट्रेल हंटिंगही बंद करू असं वचन आहे, म्हणून पुन्हा रण पेटलंय.

आता तुमचा प्रश्न. 'सरकारला दुसरं काम नाही का' हे वाक्य इथे शिकारवाल्यांच्या तोंडी गेली पंचवीस वर्षं आहे. ते सांगतात, त्या एका कायद्यावर पार्लमेंटचे सातशेहून जास्त तास गेले. इराक युद्धावर तरी एवढं बोललात का, असाही त्यांचा टोला असतो. टोला झोंबणारा आहे, पण अण्णा, मला वाटतं तो चुकीच्या माणसाच्या पाठीवर बसतो. वेळ कोल्ह्यानं खाल्ला नाही. सरकारच्या कचखाऊपणानं खाल्ला.

मुळापासून सांगते. 1997 साली लेबर पक्षाचे टोनी ब्लेअर प्रचंड बहुमतानं आले. जाहीरनाम्यात लिहिलं होतं की शिकारीच्या प्रश्नावर खासदारांना पक्षादेशाविना मत देता येईल. लगेच मायकेल फॉस्टर नावाच्या वूस्टरच्या नव्या खासदारानं खासगी विधेयक आणलं. इथे दर सत्रात चिठ्ठ्या काढून वीस खासदारांना अशी संधी देतात, आणि त्याचं नाव पहिलं आलं होतं. 28 नोव्हेंबर 1997 ला मतदान झालं: बाजूनं 411, विरोधात 151. एवढ्या फरकानं निकाल लागल्यावर तुम्हाला वाटेल, झालं काम. पण खासगी विधेयकांना मिळतात ते मोजके शुक्रवार. विरोधकांनी दुरुस्त्यांचा डोंगर रचला, भाषणं लांबवली, आणि वेळ संपल्यावर विधेयक मेलं. सरकारनं आपल्या वाट्यातले काही तास दिले असते तर ते तेव्हाच कायदा झालं असतं.

सरकार म्हणालं, आम्हाला याहून महत्त्वाची कामं आहेत. खरंच होती. त्याच सत्रात मानवाधिकार कायदा झाला, किमान वेतनाचा झाला, स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराचा कायदा झाला. त्या वर्षी कोल्हा मागे पडला याला मी नावं ठेवणार नाही. रडगाणं त्यानंतरचं आहे. करायचं नाही असंही म्हणायचं नाही आणि करून मोकळंही व्हायचं नाही! आधी लॉर्ड बर्न्स यांची चौकशी समिती. तिचा अहवाल 2000 च्या जूनमध्ये आला. शिकारीमुळे कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा येते असं तिनं लिहिलं, पण 'क्रौर्य' म्हणायचं टाळलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तो आपापल्या सोयीनं वाचला. मग तीन पर्याय असलेलं विधेयक: बंदी, परवाना किंवा स्वयंशिस्त. कॉमन्स म्हणजे इथली लोकसभा, लॉर्ड्स म्हणजे इथली विधान परिषद समजा, फक्त तिथे कुणी निवडून येत नाही. कॉमन्सनं बंदी निवडली, लॉर्ड्सनं स्वयंशिस्त, आणि तेवढ्यात 2001 ची निवडणूक आली. पुढे पुन्हा कौल, पुन्हा सुनावण्या. 2002 च्या शेवटी सरकारनं मधला मार्ग म्हणून परवान्याचं विधेयक आणलं, तर 2003 च्या उन्हाळ्यात सरकारच्याच पक्षाच्या खासदारांनी ते उलटवून सरसकट बंदीचं केलं. लॉर्ड्समध्ये ते अडकलं. लॉर्ड्स म्हणजे इथली विधान परिषद समजा, फक्त तिथे कुणी निवडून येत नाही.

तोवर रस्त्यावर काय चाललं होतं? सप्टेंबर 2002 मध्ये लंडनमध्ये चार लाखांवर माणसं मोर्चाला आली. सगळी काही शिकारी नव्हती. बंद पडलेली पोस्टं, दुधाला न मिळणारा भाव, शहरातल्या लोकांनी घेऊन रिकामी ठेवलेली घरं, सगळा राग त्या मोर्चात होता. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे लगेच कळेल. माझ्या वॉर्डातली एक सिस्टर त्या मोर्चाला वडिलांबरोबर गेली होती. तिच्या घरी कुणी घोड्यावर बसलेलं नाही. ती म्हणते, "आम्हाला कोल्ह्याचं काही नव्हतं, आमचं कुणी ऐकत नव्हतं एवढंच."

आणि शेवट कसा झाला बघा. सात वर्षं घोळ घातल्यावर 15 सप्टेंबर 2004 ला सरकारनं कॉमन्समधले सगळे टप्पे एका दिवसात उरकले. 356 विरुद्ध 166. बाहेर चौकात हजारो निदर्शक, पोलिसांच्या लाठ्या, आणि चर्चा चालू असताना पाच निदर्शक थेट सभागृहात घुसले. नोव्हेंबरमध्ये लॉर्ड्सनी पुन्हा नकार दिल्यावर पार्लमेंट ॲक्ट वापरून त्यांना डावललं गेलं. हा ॲक्ट 1911 चा, 1949 ला सुधारलेला. त्याच्या जोरावर लॉर्ड्सना बाजूला ठेवून आजवर मोजून सात कायदे झालेत. त्यांत आयर्लंडचं स्वराज्य आहे, युद्धगुन्हेगारांवरचा 1991 चा कायदा आहे, आणि सातवा हा कोल्ह्याचा. गंमत म्हणजे अंमलबजावणी निवडणुकीपलीकडे ढकलायचा सरकारचा बेत होता, तोही लॉर्ड्सनी मान्य केला नाही. त्यामुळे बंदी तीन महिन्यांत लागू झाली, निवडणुकीच्या ऐन तोंडावर. शिकारवाले कोर्टातही गेले. नऊ लॉ लॉर्ड्सनी, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी, ऑक्टोबर 2005 मध्ये एकमतानं सांगितलं की कायदा वैध आहे.

अशा दमलेल्या भांडणातून निघालेला कायदा पळवाटांनी भरलेला असणारच. कोल्हा झाडीबाहेर हुसकायला दोन कुत्री चालतात, पण मग त्याला गोळी घालायची. शिकारी पक्षी बरोबर असेल तर कुत्री कितीही. काही हंटनी म्हणे गरुडच पाळला. तुरुंगवास नाही, नुसता दंड. ब्लेअर यांनी पुढे आत्मचरित्रात या बंदीबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. मला तो पश्चात्ताप वाचून रागच आला. बंदी नको होती तर तेव्हाच सांगायचं होतं.

पुढच्या सरकारांचीही तीच गत. 2015 ला पंतप्रधान कॅमेरून यांनी इंग्लंडचा कायदा स्कॉटलंडसारखा थोडा सैल करायचा घाट घातला. स्कॉटिश पक्षाचे 56 खासदार म्हणाले आम्ही विरोधात जाणार, आणि मतदान होण्याआधीच तो बारगळला. थेरेसा मे यांनी 2017 ला बंदी उठवण्यावर मतदानाचं वचन दिलं, बहुमत गमावलं आणि वचनही सोडलं.

आता लेबरच्या स्टार्मर यांची पाळी. जुलैमध्ये सरकारचा कार्यक्रम सांगणाऱ्या राजाच्या भाषणात चाळीसेक विधेयकांची यादी आली: रेल्वे सरकारी करणं, भाडेकरूंचे हक्क, घरबांधणी, वीज कंपनी. ट्रेल हंटिंग त्यात नाही. मंत्री म्हणतात, वचन पाळू, योग्य वेळी. ही 'योग्य वेळ' ऐकली की मला 1998 आठवतं. त्यात ऑक्टोबरच्या बजेटमध्ये शेतजमिनीवरच्या वारसा कराची सूट कापायचं जाहीर केलं: दहा लाख पौंडांवरच्या जमिनीला एप्रिल 2026 पासून 20 टक्के, असं तेव्हा ठरलं. 19 नोव्हेंबरला हजारो शेतकरी लंडनमध्ये उतरले. आता त्यांच्यासमोर शिकारबंदीचं विधेयक न्यायला कुणाला हुरूप येईल?

आणि तरी मी सांगते, वेळ असतो. 29 नोव्हेंबरच्या शुक्रवारी मरणासन्न रुग्णांना मदतीनं मृत्यू निवडू द्यावा की नाही, यावर कॉमन्समध्ये पाचेक तास चर्चा झाली. तेही खासगी विधेयक, किम लेडबीटर यांचं, चिठ्ठीत पहिलं आलेलं. 330 विरुद्ध 275. आमच्या स्टाफरूममध्ये टीव्हीवर लावलं होतं. कुणी आरडाओरडा नाही, खासदार डोळे पुसत बोलत होते. इतका अवघड विषय एका दिवसात निदान पहिल्या पायरीवर तरी येतो.

दादाला हे पत्र वाचायला द्यालच. तो म्हणेल, बैलगाडा शर्यतींवर बंदी आणणाऱ्यांच्या बाजूची झाली ही. तसं नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती थांबवल्या, 2017 ला आपल्या विधिमंडळानं कायदा केला, हायकोर्टानं तो अडवला, डिसेंबर 2021 ला पुन्हा शर्यतीचे घाट सुरू झाले आणि मे 2023 ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. या सगळ्यात दादानं बैल नुसते बांधून ठेवले होते, ते मी पाहिलंय. बैल शर्यत संपवून गोठ्यात परत येतो, कोल्हा येत नाही, एवढा फरक मी मानते. पण टोचणी आणि काठीचा विषय निघाला की दादा उठून जातो, हेही मला ठाऊक आहे. अटींमध्ये काठी, चाबूक चालत नाही हे त्यानं गाडीवानाला नीट सांगावं. इथले शिकारवाले कायद्याची पळवाट काढून जसे स्वतःचीच बदनामी करून घेतायत, तशी आपल्या घाटाची व्हायला नको.

आता आईसाठी. गुडघ्याचा एक्स-रे काढला का? मोबाइलवर फोटो पाठवा, इथल्या डॉक्टरांना दाखवते. काळ्या मसाल्याचा डबा तळाला लागलाय. फेब्रुवारीत शिंदेवाडीची कुणी येणार असेल तर अर्धा किलो द्या, चकलीची भाजणी दिली तर अजून बरं. यात्रेची तारीख ठरली की लगेच कळवा, मला रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो.

तुमची,
धाकटी