टर्कीचा सांगाडा टाकू नका

महोदय,

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होतो, टर्की हा कोंबडीसारखा मोठा पक्षी भाजून खातात आणि शुक्रवारी सकाळी टर्कीचे सांगाडे कचऱ्यात जातात. जीव हळहळतो. इथल्या मराठी घरांना कळकळीने सांगते, सूपसाठी तो सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घाला. बुडेल इतकं गार पाणी, कांदा, गाजर, सेलरी, मिरी. आलं मी माझ्या पदरचं घालते. तीन तास मंद आच. खळखळ उकळलं तर सूप गढूळ होतं. फेस पळीने काढत राहा. गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी ते जेलीसारखं थरथरतं, हाडांतलं जिलेटिन उतरलेलं असतं! वरचा चरबीचा थर काढा. उरलेलं मांस अगदी शेवटी घाला, नाहीतर त्याचा चोथा होतो.

– एक आजी, एडिसन, न्यू जर्सी